देवाच्या सिनेमाला आबांचं ‘हं’

मंडळी, ऐका. थोडं पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसलेत, त्यांनीही या. मधे एवढी जागा मोकळी राहिली की माझा आवाज तिथंच खाली पडतो.

आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एका घरात देवाची गोष्ट चालली आहे. लेकरं हात जोडून बसलीत. आयांच्या डोळ्यांत पाणी आलंय. सगळं कसं छान! आणि त्याच घरातलं एक माणूस दाराबाहेर चपलांपाशी बसलंय. आता सांगा — ती गोष्ट देवापर्यंत पोचली का?

नका, लगेच माना हलवू नका. तुम्ही हुशार लोक. उत्तर आधी देता आणि गोष्ट मागून ऐकता. आज उलटं करू.

पण त्याआधी आमच्या कातळवाडीची एक रीत सांगतो. आमच्याकडं गोष्टीला दोन माणसं लागतात. एक सांगणारा आणि एक ‘हं’ म्हणणारा. एक वाक्य झालं — हं. दुसरं झालं — हं. हं आलं नाही तर सांगणारा थांबतो. पुढचा शब्द ओठावर आला असला तरी थांबतो. समोरचा झोपला, का उठून गेला, का त्याचं मन दुसरीकडं उडालं, हे कळायला दुसरा मार्ग काय?

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. वाचायला एक, अर्थ सांगायला दुसरा आणि हं म्हणायला गेणूबा. गेणू भिका वाकचौरे. माझ्या शेजारचं घर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण आम्ही गुरं बरोबर वळली, म्हणून मी त्याला अरेतुरे करणार. तुम्ही करू नका.

गेणूबाला अक्षर येत नव्हतं. मला तरी कुठं येत होतं? मी अक्षर शिकलो त्रेपन्नाव्या वर्षी, अंगणवाडीच्या बाईंकडं, पोरांच्या मागच्या रांगेत बसून. पोरं मला खाऊ आणायला सांगायची! तोवर पोथी म्हणजे नुसता कान. पण गेणूबाच्या कानाला तोंड होतं. देव वनवासाला निघाले की त्याचं हं जड व्हायचं. पाळणा हलला की तेच हं वर जायचं. वाचणारे बुवा म्हणायचे, गेणू ज्या दिवशी नसतो त्या दिवशी मला पोथीतली ओळ सापडत नाही.

आणि घरी? घरी गेणूबा बोलायचा आणि हं म्हणायची ठकूबाई. त्याची बायको. बायामंडळी हसायला लागल्या. तुमच्याकडं उलटं आहे, माहीत आहे मला! पण ठकूबाईचं तसं होतं. ती निवडत असू दे, सोलत असू दे, सारवत असू दे, हात थांबायचे नाहीत आणि हं पण थांबायचं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं. भांडण झालं तरी हं यायचं, फक्त जरा आखूड यायचं.

ही ठकूबाई गेली. दोन वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, सकाळच्या उन्हात, ओट्यावर बसल्या बसल्या.

लोक आले. जो तो गेणूबाला विचारायचा, कशा गेल्या हो? गेणूबा तोंड उघडायचा. तेवढ्यात विचारणाराच म्हणायचा, चालत्याबोलत्या गेल्या, कुणाचं काही करून घेतलं नाही, सोनं झालं. आणि उठायचा. दुसरा यायचा. कशा गेल्या? सोनं झालं. दहाव्यापर्यंत किती जणांनी विचारलं म्हणता! आणि एकानंही ऐकलं नाही. मी शेजारी. मीही त्यातलाच. मीपण म्हणालो, सोनं झालं.

मंडळी, हे लक्षात ठेवा. गेणूबाकडं सांगायची एक गोष्ट होती. देवाची नव्हे, ठकूबाईची. ती पोटात ठेवून तो लेकाबरोबर संगमनेरला गेला.

लेक सुदाम. दूध संघाच्या कचेरीत कारकून, सरळ माणूस. सून सारिका. तीही चांगली हो! तुम्हाला वाटलं असेल, आता महाराज सुनेला धरणार. नाही धरणार. आबांना गरम भाकरी, आबांना औषध, आबांना आंघोळीला पाणी, सगळं वेळेवर. नसायचं ते एकच. सुदाम कामावरून आला की फोनवर बोलायचा, सारिका स्वयंपाकात असायची, आणि गेणूबा काही सांगायला लागला की दोघंही म्हणायचे, आबा, तुम्ही आराम करा.

आराम करून करून माणूस किती करणार? दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसायचा. खाली कुणाची गाडी आली, कुणाची गेली. आमच्या वाटेनं एक म्हैस गेली तरी दोन माणसं तिच्याविषयी बोलतात. तिथं दिवसभर गाड्या जायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही.

एक मात्र होतं. नात. कार्तिकी. कार्तिकात जन्मलेली म्हणून कार्तिकी, तेव्हा सातवं चालू होतं. दिवेलागणीला ती आबांजवळ यायची. गेणूबानं पहिल्याच दिवशी तिला रीत शिकवली. म्हणाला, तू हं म्हणशील तरच मी पुढं जाईन. तिला गंमत वाटली. मुद्दाम थांबायची पोरगी! आबा अडकून बसलेला, ही तोंड दाबून हसते. मग एकदम — हं! आणि आबाची गाडी सुटायची.

असे चार महिने गेले. मग त्या घरात सिनेमा आला.

आता ऐका, इथं घोटाळा करू नका. सिनेमा वाईट नव्हता. लहान मुलांसाठी केलेला, चित्रांचा, देवाचा सिनेमा. सारिकानं शोधून काढला होता. पोरगी त्या मारामाऱ्या बघते, त्यापेक्षा हे बरं नाही का? बरंच. सिनेमा बघून कार्तिकी जेवायच्या आधी हात जोडायला लागली. पानात भाजी टाकायची बंद झाली, कारण सिनेमातला देव टाकत नाही. सारिकाला केवढा आनंद! माहेरी फोन करून सांगितलं. सुदाम म्हणाला, चला, संस्काराचं काम तरी टीव्हीनं घेतलं अंगावर. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना मात्र पटला नाही. त्या म्हणाल्या, देवाचे डोळे असे बशीएवढे असतात का कधी? तर कार्तिकी म्हणाली, काकू, त्याला सगळीकडं बघावं लागतं म्हणून. घ्या!

आणि गेणूबा? तुम्हाला वाटलं तो रुसला असेल. गोष्ट सांगायचं त्याचं काम गेलं म्हणून. थोडं लागलं त्याला, खोटं कशाला सांगू. आता दिवेलागणीला कार्तिकी टीव्हीपुढं बसायची. पण गेणूबाला सिनेमा आवडला! तोही मागं खुर्चीत येऊन बसायला लागला. टोपी घालून बसायचा. देवाची गोष्ट आहे, उघड्या डोक्यानं कसं बसणार?

त्यात एक गवळ्याची पोर होती. तिची कालवड रानात हरवते. पोर हाका मारत रानभर फिरते, अंधारून येतं, आणि ती एका दगडी देवळापुढं उभी राहते. म्हणते, “देवा, ऐकतोस ना?”

आणि सिनेमा थांबतो. गाणं नाही, वाजप नाही. पानसुद्धा हलत नाही. आपण दहा आकडे म्हणावेत एवढा वेळ काहीच नाही. मग लांबून कालवडीच्या गळ्यातली घंटा वाजते. ज्यानं सिनेमा केला त्यानं काय विचार करून ती जागा मोकळी सोडली, देव जाणे.

गेणूबा ती जागा मोकळी राहू द्यायचा नाही. पोर म्हणाली, “देवा, ऐकतोस ना?” की खुर्चीतून आवाज यायचा — “हं.”

तसं तो सगळ्याच सिनेमाला हं म्हणायचा. साठ वर्षांची सवय! देव बोलला, हं. गाय बोलली, हं. एकदा मधेच साबणाची जाहिरात आली, तिलाही हं म्हणाला. पण ती हं बारीक असायची, तोंडातल्या तोंडात. या एका ठिकाणी मात्र मोठं. देवळात म्हणायचा तसं. सारिकाला आत कळायचंसुद्धा नाही. कार्तिकीला कळायचं. ती मागं वळून बघायचीही नाही. तिच्या लेखी ते सिनेमातलंच होतं.

आला कार्तिक महिना. पोरीचा सातवा वाढदिवस. रविवारची दुपार. इमारतीतली दहाबारा लेकरं, त्यांच्या आया, आणि सुदामचे साहेब बायकोमुलांसह. कार्तिकी हट्टाला पेटली की सगळ्यांना माझा सिनेमा दाखवायचा. सुदामलाही बरं वाटलं. साहेबांना कळेल, आपल्या घरात कसलं वळण आहे ते.

गेणूबा धुतलेलं धोतर नेसून आपल्या खुर्चीत. आज एवढी माणसं गोष्टीला बसलेली, त्याला मारुतीचं देऊळ आठवलं असणार. कारण पहिल्यापासून त्यानं आवाज सोडला. हं! लेकरं खुदखुदली. हं! एक लेकरू त्याची नक्कल करायला लागलं. मग दुसरं. आया दटावताहेत आणि स्वतःच तोंडाला पदर लावताहेत. साहेबांच्या बायको म्हणाल्या, आजोबा गोड आहेत हो.

आणि ती जागा आली. देऊळ. पोर उभी. सगळे गप्प झालेले, दोनतीन आयांचे डोळे भरलेले. “देवा, ऐकतोस ना?”

“हं. ऐकतोय, पोरी. बोल.”

त्या दिवशी एवढं म्हणाला गेणूबा. घर जे हसलं! साहेब हसले, लेकरं लोळली. सिनेमातली घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

सुदाम उठला. साहेबांसमोर त्याचे कान लाल झालेले. बापाच्या खुर्चीपाशी वाकला, आवाज हळूच होता त्याचा. म्हणाला, “आबा, थोडा वेळ बाहेर बसता का? बाकीच्यांना ऐकू द्या.”

काय वाईट बोलला? अहो, तुम्ही आम्ही याहून वाईट रोज बोलतो. शिवी नाही, ओरडणं नाही, वर ‘बसता का’ म्हणाला. गेणूबा उठला. बाहेर गेला. मागं दार लोटलं गेलं.

बाहेर जिन्यापाशी पंधरावीस चपला पडल्या होत्या. कथेला लोक आले की चपला अशाच पडतात. गेणूबा पायरीवर बसला. बसून काय करणार? त्यानं चपलांच्या जोड्या लावल्या. लहान लहान बूट, त्यांचे पट्टे सरळ केले. दाराआडून सिनेमा ऐकू येत होता. लेकरांनी ती जागा परत लावायला लावली, हसायला मिळावं म्हणून. पोर म्हणाली, देवा, ऐकतोस ना?

लेकरं थांबली. कुणीच काही म्हणालं नाही. दाराबाहेर गेणूबानं चपलांकडं बघत हळूच म्हटलं. हं. ते आत कुणाला ऐकू गेलं नाही.

हे मला कुणी सांगितलं? त्यानंच. पण ते पुढं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी भरली. सारिका म्हणाली, आबा, राग आला का? म्हणाला, नाही गं, ठकूची तुळस वाळली असेल. राग खरंच नव्हता. सुदामनं गाडीत बसवून दिलं, आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाला. आठाचे पंधरा झाले.

कातळवाडीत आला गेणूबा. दार उघडलं, झाडलं, चूल पेटवली. मी म्हटलं, माझ्याकडं जेव. म्हणाला, उद्या. रोज म्हणायचा, उद्या. मंडळी, माणूस एकटं असतं ना, ते रडत नाही. ते भांडी घासतं. दोन ताटल्या, एक तांब्या. घासलेलंच परत घासतं. मी माझ्या ओट्यावर, तो त्याच्या ओट्यावर, मधे पाच हातांची वाट. मी काही बोललो तर मला हं म्हणायचा. स्वतः काही सांगायचा नाही. आणि मी असला शहाणा, मी विचारलं नाही. मला वाटलं, त्याला शांतता हवी असेल.

इकडं संगमनेरात काय झालं? सिनेमा चालू. दिवेलागण झाली, कार्तिकी बसली. ती जागा आली. देवा, ऐकतोस ना? पोरीनं टीव्ही थांबवला. मागं बघितलं. खुर्ची रिकामी.

“आई, हं राहिलं.”

सारिकाला कळेना. म्हणाली, त्यात हं नाहीच आहे, राणी. तर पोरगी म्हणाली, आहे, आबा म्हणतात. ते म्हटल्याशिवाय घंटा वाजत नाही. सारिकानं टीव्ही चालू करून दाखवला. बघ, वाजली की नाही? पोरगी म्हणाली, उगीच वाजली. आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ती सिनेमा लावेना. जेवायच्या आधी हात जोडायचेही बंद.

तेव्हा सारिकानं आम्हाला फोन केला. आम्हाला म्हणजे माझ्या फोनवर, कारण गेणूबाचा बटणांचा फोन फडताळात बंद पडलेला. मी तो चार्जिंगला लावला. आमच्या वाडीत आवाज धड येतो तो एकाच ठिकाणी, गेणूबाच्या ओट्याच्या कोपऱ्यात, जांभळीच्या बाजूला. तिथं त्याला उभं केलं.

ठरलं असं की संध्याकाळी सहाला सारिका फोन लावून टीव्हीजवळ ठेवणार. मार्गशीर्षातली थंडी! गेणूबा पावणेसहालाच तयार. तोंड धुतलेलं, टोपी डोक्यावर, घोंगडी पाठीवर. म्हातारा कोपऱ्यात उभा, फोन कानाला, तोंड भिंतीकडं. न दिसणारा सिनेमा ऐकतोय. मी माझ्या ओट्यावरून बघायचो. बराच वेळ काही नाही. मग मान थोडी वर व्हायची.

“हं.”

बस. एवढंच काम. तिकडून पोरीचा आवाज यायचा, आता बरोबर झालं. आणि फोन बंद.

फोन बंद झाला हे मला कळायचं. ती बत्ती विझायची ना. पण गेणूबा फोन कानावरून काढायचा नाही. तसाच उभा. मग भिंतीला आणखी एकदा म्हणायचा, हं. आणि आत जायचा.

असं रोज चाललं. आता हसू येतंय का कुणाला? त्या दिवशी घर हसलं होतं. आज तुम्ही हसत नाही. माणूस तोच, हं तेच.

एका संध्याकाळी सुदाम लवकर घरी आला. बघतो तर पोरगी टीव्हीपुढं, सारिका तिच्या शेजारी, आणि टीव्हीला टेकून फोन उभा केलेला. विचारलं, हे काय? सारिका म्हणाली, श्श, बसा. बसला. ती जागा आली. देवा, ऐकतोस ना?

फोनमधून काही नाही. आपल्याकडचा फोन, उशिरा पोचतो आवाज. एक, दोन, तीन. सुदाम फोनजवळ सरकला. चार, पाच. हं.

लहानपणी त्याला बापानं खांद्यावर बसवून शेतातून आणताना असंच म्हणायला शिकवलं होतं. खांद्यावर पोर झोपलं तर पडेल. म्हणून गोष्ट, आणि म्हणून हं. सगळं आठवलं त्याला. त्या रविवारी तो गाडीत बसला.

आला तो दुपारी. हातात बिस्किटांचे पुडे, नवी रग. गेणूबा ओट्यावर, मी माझ्या ओट्यावर दोरी वळत बसलेलो. सुदामनं पाया पडून घेतलं आणि चला म्हणाला. गेणूबा म्हणाला, तुळस आहे. सुदाम म्हणाला, तुळस घेऊन जाऊ. गेणूबा म्हणाला, बघू. मग दोघंही गप्प. बापलेकांना गप्प बसायला कुणी शिकवावं लागत नाही.

शेवटी सुदाम म्हणाला, “आबा, एक विचारू? त्या सिनेमात, त्या एकाच ठिकाणी, एवढं मोठ्यानं हं का म्हणता?”

गेणूबा म्हणाला, “ती पोर विचारते, ऐकतोस ना. कुणी बोलत नाही. मला नाही ते सोसत.”

“का?”

मंडळी, हा ‘का’ दहा महिने उशिरा आला. पण आला. आणि विचारून लेक उठला नाही. माझी दोरी थांबली. इथून पुढचं मी पाच हातांवरून ऐकलंय, ते त्याच्याच शब्दांत सांगतो.

“तुझी आई तिथं बसली होती. त्या खांबापाशी. वालाच्या शेंगा सोलत होती. मी इकडं तोंड करून बाज विणत होतो. सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून मी बोललो होतो तिला. मग गोडीनं एक जुनी गोष्ट काढली. ती हं म्हणत होती. आखूड. मग एक हं आलं नाही.”

थांबला. आणि सुदामकडं बघत राहिला.

सुदामला कळेना, बाप का थांबला. मला कळलं. मी तिकडून मानेनं खूण केली, अरे, म्हण! चाळिशीचा माणूस, कचेरीत दिवसाला शंभर माणसांशी बोलणारा. त्यानं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग कसंबसं निघालं.

“हं.”

“मला वाटलं, रुसली असेल. उभ्या जन्मात हं आल्याशिवाय मी पुढं गेलो नाही रे. देवळात नाही, शेतात नाही. त्याच दिवशी गेलो. म्हटलं, रुसू दे, ऐकते तर आहे. सगळी गोष्ट सांगितली. शेवटपर्यंत. देव आले, सगळं गोड झालं, आणि मग मागं बघितलं. शेंगा मांडीवर होत्या.”

“हं.”

“मी कुणाला सांगत होतो, सुदाम?”

सुदामनं बापाचा हात धरला. काय बोलणार? सोनं झालं म्हणणार? तसं म्हणाला नाही, तेवढा शहाणा निघाला पोरगा. परत म्हणाला, हं. गेणूबा म्हणाला, एवढंच होतं.

मग उठून गेणूबानंच चहा ठेवला. मलाही हाक मारली. ते चपलांचं त्यानं तेव्हा सांगितलं. चहात साखर भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी तो लेकाबरोबर गेला. तुळशीचं रोप डब्यात, डबा मांडीवर. आता तिथं दिवेलागणीला सिनेमा असतो, सिनेमानंतर आबांची गोष्ट असते. सारिका पोळ्या लाटताना आतून हं म्हणते. कुलकर्णीकाकूही येऊन बसतात, अजून देवाच्या डोळ्यांवर कुरकुरतात. सुदामला रोज जमत नाही. रविवारी जमतं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. गेणूबा अजूनही कधी कधी बोलता बोलता मागं वळून बघतो.

आता माझा पहिला प्रश्न. ती गोष्ट देवापर्यंत पोचली का? मी उशिरा शिकलेला माणूस, देवापर्यंत काय पोचतं ते मला अजून वाचता येत नाही. पण त्या वाढदिवसाला ती गोष्ट दारापर्यंत पोचली नाही, एवढं मला कळतं. आणि जी दारापर्यंत पोचली नाही, ती त्याच्या पुढं एवढ्या लांब कशी गेली असेल, ते तुम्हीच सांगा.

दाखवा की मुलांना देवाचे सिनेमे! खुशाल दाखवा. गाणी म्हणू द्या, हात जोडू द्या. फक्त सिनेमा लावताना एकदा घरातली माणसं बघून घ्या. कोण बाहेर आहे? कोण खिडकीत आहे? आणि तुमच्या घरात एक गोष्ट असेल, चाळीस वेळा ऐकलेली, तीच ती. सांगणारा एका ठिकाणी येऊन अडकत असेल. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला आराम करा म्हणू नका. मला माहीत आहे, तुम्ही म्हणता. मीही म्हणालो होतो. माझ्या शेजारी, पाच हातांवर, दहा दिवस त्या माणसानं तोंड उघडलं आणि मी ते मिटवलं.

त्याला एवढंच द्या, जे द्यायला पोथी लागत नाही, अक्षर लागत नाही, दातसुद्धा लागत नाहीत.

चला. ऊन कलायला लागलं, तुम्हाला गुरं बांधायची आहेत. मलाही कातळवाडीला परत जायचंय. माझ्या शेजारचा ओटा आता रिकामा असतो. संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर बसून काहीबाही बोलतो, सवयीनं. आणि एका वाक्याशी थांबतो.

मंडळी, ऐकताय ना?